त्याच संध्याकाळी संपणाऱ्या कामाची फाईल

कोल्हापुरातल्या एका कला महाविद्यालयात मी डिजिटल माध्यमं आणि परफॉर्मन्स शिकवते. माझं मूळ शिक्षण पेंटिंगचं. सहयोगी प्राध्यापकपदासाठी अर्ज करायची वेळ आली तेव्हा आजवरचं काम फाईलमध्ये लावायला घेतलं, आणि सगळ्या नोकरीचाच हिशेब मांडावा लागला. अलीकडे बरीच मुलं-मुली विचारतात, मॅडम, तुम्ही या विषयात कशा आलात, यात पुढं काय असतं? त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

फाईलची अडचण आधी सांगते. पेंटरचं काम भिंतीवर राहतं, शिल्पकाराचं चौकात राहतं. माझ्या कामात एक माणूस उभा असतो, त्याच्या अंगावर प्रोजेक्टरचा प्रकाश पडत असतो, आवाज असतो, समोर थोडे लोक असतात. तासाभरानं केबल गुंडाळायच्या आणि हॉलची किल्ली शिपाईमामांच्या हातात द्यायची. दुसऱ्या दिवशी तिथं वक्तृत्व स्पर्धा असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत संशोधनाच्या गुणांचा एक तक्ता आहे. कला शाखेच्या माणसाला मान्य नियतकालिकातल्या एका निबंधाला १० गुण, राष्ट्रीय प्रकाशकानं काढलेल्या पुस्तकाला १०, पुस्तकातल्या एका प्रकरणाला ५. लोकांसमोर केलेल्या प्रयोगासाठी मला त्या तक्त्यात ओळ सापडली नाही. पुरावा मागणं मला कधीच अन्यायाचं वाटलं नाही. सरकारी पगार घेतो तर काम दाखवायलाच हवं. पण पुरावा छापील निबंधाच्याच रूपात असतो असं धरून चाललं, की माझ्यासारख्या माणसाची निम्मी नोकरी कागदावर घडलेलीच नसते.

आमच्या कोल्हापुरात चित्र शिकायचं म्हणजे पहाटे बोर्ड काखेत मारून रंकाळ्यावर जायचं. आबालाल रहिमान यांच्यापासून चालत आलेली ही रीत आहे आणि ती मला आजही प्रिय आहे. कागद ओला आहे तोवरच धुकं पकडायचं, पाच मिनिटं उशीर झाला की रंग कडा धरतो. वेळ हेसुद्धा एक माध्यम आहे, हे माझ्या हाताला तिथं कळलं. एलिमेंटरी, इंटरमिजिएट, फाउंडेशन, मग पेंटिंग, अशा नेहमीच्या रस्त्यानं मी गेले. फाउंडेशन म्हणजे कला महाविद्यालयातलं पहिलं वर्ष. पुढचं शिक्षण बडोद्याला, १९५० साली सुरू झालेल्या तिथल्या फाइन आर्ट्स विभागात. तिथं ग्रंथालयात चित्रकार अकबर पदमसी यांच्या व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉपबद्दल पहिल्यांदा वाचलं. नेहरू फेलोशिपच्या पैशातून त्यांनी १९६९ मध्ये मुंबईत ते काढलं होतं. चित्रकार, छायाचित्रकार, सिनेमावाले एका छताखाली काम करत. चित्रकार नलिनी मलानी तेव्हा विशीत होत्या, त्यांनी तिथं कॅमेरा हातात घेतला. पदमसींनी स्वतः रेघांच्या आकृत्या काढून त्यांची ‘सिझिजी’ नावाची अ‍ॅनिमेशन फिल्म केली. पेंटरनं ब्रश न सोडता यंत्राकडे जाता येतं, याचा मला तो पहिला धडा.

परत आले ती तासिका तत्त्वावर शिकवायला. या काळाबद्दल फार लिहीत नाही. ज्यांनी तो काढलाय त्यांना तो माहीत आहे, आणि ज्यांना काढायचाय त्यांना एवढंच सांगते की प्राध्यापकपदासाठीच्या नेट परीक्षेची तयारी आणि स्वतःचं काम यांतलं दुसरं बंद पडू देऊ नका. पैशासाठी मी राजारामपुरीत लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करायला जायचे. अक्षता, सप्तपदी, वरात, आणि मध्ये-मध्ये उडणारी गुलाबाची फुलं. डिजिटल माध्यमाचं माझं पहिलं खरं शिक्षण ते. फुटेज कसं नाव देऊन ठेवायचं, हार्ड डिस्क कधी दगा देते, रेंडरला (संगणकाला अंतिम व्हिडिओ तयार करायला) लावून घरी गेलं तर सकाळी काय बघायला मिळतं, आणि साडेतीन तासांतली कुठली चार मिनिटं नवरीच्या आईला पुन्हा-पुन्हा बघावीशी वाटतील, हे मला कुठल्याच विभागात शिकवलं नव्हतं.

कायम झाले आणि पीएच.डी.ला विषय घेतला तो नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या कोल्हापूरच्या पेंटरांचा. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे मेस्त्री घराण्यातले चुलतभाऊ, संगीत नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. सिनेमा बघितला आणि स्वतःच कॅमेरा बनवायचं वेड घेतलं. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या मदतीनं यंत्र पुरं केलं, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० मध्ये ‘सैरंध्री’ हा मूकपट आला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं ते याच सुमाराला. पुढं १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनीही इथंच सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. रंग, रंगमंच आणि यंत्र या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हातात असणं इथं शंभर वर्षांपूर्वी घडलेलं आहे. त्यामुळे ‘पेंटिंगच्या बाईंनी हे काय काढलंय’ असं कुणी म्हटलं की मला उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही.

पण त्या अभ्यासात एक दुःख सतत सोबत राहिलं. ‘सैरंध्री’ आपल्याला आज बघता येत नाही. कीचकवधाचं दृश्य इतकं खरं वाटलं की बायाबापड्या घाबरल्या, असं वाचायला मिळतं. दृश्य मिळत नाही. गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या जाळपोळीत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ पेटला. ज्या गावानं एवढं केलं, त्या गावाकडे दाखवायला उरलं ते पोस्टर, काही फोटो आणि आठवणी. तेव्हापासून मी ठरवलं की माझ्या वर्गात कुठलंही काम नोंदीशिवाय संपलं असं मानायचं नाही.

वर्गात परफॉर्मन्स शिकवायला सुरुवात केली तेव्हा पाठ्यक्रमात परदेशातली नावं होती. परफॉर्मन्स कलाकार मरीना अब्रामोविच २०१० मध्ये न्यू यॉर्कच्या संग्रहालयात रोज खुर्चीवर बसून राहिल्या, समोर येईल त्याच्या डोळ्यांत बघत, जवळजवळ तीन महिने. हे सांगितलं की मुलं मान डोलवायची आणि वहीत लिहून घ्यायची. एकदा मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, “मॅडम, माझा चुलतभाऊ आमच्या मंडळाच्या देखाव्यात अफजलखान असतोय. रात्रभर दर दहा मिंटाला मरतोय.” वर्ग हसला. मी त्याला पुढं बोलावलं आणि तो तास त्यालाच दिला. गणपतीत आमच्या जुन्या पेठांमध्ये सजीव देखावे होतात. संवाद आधी रेकॉर्ड केलेले असतात, कलाकार त्यावर ओठ आणि अंग हलवतात, पडदा पडतो, गर्दी पुढं सरकते, पुन्हा पहिल्यापासून. तो पोरगा सांगत होता की पहिल्या वेळी भाऊ अभिनय करतो, मध्यरात्रीनंतर करत नाही, नुसता पडतो, आणि तेव्हाच बघणारे गप्प होतात. दीर्घ कालावधीच्या परफॉर्मन्सबद्दल मी वाचलेलं बरंचसं त्या वाक्यात होतं. पुढच्या वर्षीपासून पहिला स्वाध्याय बदलला: देखाव्यात उभ्या राहणाऱ्या एका माणसाला भेटायचं, त्याच्या शरीराचं रात्रभराचं टिपण रेखाटनांत आणायचं. लॅपटॉप त्यानंतर. हा क्रम मी आजतागायत मोडलेला नाही. आधी अंग, मग यंत्र. यंत्र आधी आलं की मुलं त्यातले तयार इफेक्ट निवडत बसतात.

माझ्या स्वतःच्या कामांपैकी दोन फाईलमध्ये मोठी जागा घेऊन बसली.

पहिलं हलगीचं. करवीर तालुक्यातल्या एका गावचे हलगीवादक, त्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो. त्यांच्या हलगीच्या ठोक्यांवरून पडद्यावर थेट रेघ उमटावी, आणि त्या रेघेवरून मी मोठ्या कागदावर कोळशानं रेखाटन करावं, अशी कल्पना. पायझो डिस्क नावाची चकती असते, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात अगदी स्वस्तात मिळते. कंप झाला की तिच्यातून वीज निघते. ती पानावर, म्हणजे हलगीच्या ताणलेल्या चामड्यावर, लावली तर आवाज मरतो, म्हणून कड्याला आतून लावली. तिथून वायर ऑडिओ इंटरफेसला, म्हणजे आवाज संगणकात नेणाऱ्या पेटीला, तिथून लॅपटॉपवर प्रोसेसिंगमध्ये. प्रोसेसिंग हे सॉफ्टवेअर केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१ मध्ये चित्रकारांना आणि डिझायनरांना प्रोग्रॅमिंग करता यावं म्हणून सुरू केलं, आणि ते फुकट आहे. आमच्यासारख्या महाविद्यालयात या ‘फुकट’ला फार किंमत आहे.

मामा वाजवून बघताच थांबले. म्हणाले, “ताई, ह्यो मागनं येतोय.” मला डोळ्यांना काहीच कळत नव्हतं. हिशेब केला. आवाज संगणकात तुकड्या-तुकड्यांनी जातो, आणि प्रत्येक तुकडा म्हणजे आवाजाच्या मोजण्यांची, नमुन्यांची, एक रांग. ५१२ नमुन्यांचा तुकडा आणि सेकंदाला ४४,१०० नमुने धरले तर तिथंच साधारण १२ मिलिसेकंद जातात. चित्र सेकंदाला ६० वेळा बदलतं, म्हणजे आणखी १७ पर्यंत. वर प्रोजेक्टरचा स्वतःचा उशीर. हे सगळं मिळून होणारा उशीर त्यांच्या मनगटाला कळत होता. तुकडा १२८ वर आणला, प्रोजेक्टरमधली चित्र ‘सुधारण्याची’ सगळी सोय बंद केली, तेव्हा त्यांनी मान हलवली. वाद्य वाजवणाऱ्या माणसाचा कान हे मोजमापाचं साधन म्हणून वापरायचं, हे मी आता मुलांना पहिल्याच तासाला सांगते.

दुसरी गोष्ट हवेची. प्रयोग जुलैत होता. फायबरचं पान लावलं असतं तर प्रश्न मिटला असता, पण मामांना चामड्याचंच हवं आणि मलाही. चामडं दमट हवेत सैल पडतं, मग शेकावं लागतं. शेकलेली हलगी कडक बोलते, वीसेक मिनिटांत उतरत जाते. कोडमध्ये मी ठोका ओळखायची एक ठरावीक पातळी लिहिलेली. पान उतरलं की ठोके हुकायला लागले. विद्यार्थ्यांनी सुचवलं की पातळी आपोआप खाली येत जाईल असं लिहू. लिहिलं आणि चाललंही. मग वाटलं, उतरत जाणारं पान लपवायचं कशाला? शेवटी आम्ही शेकण्याची शेगडी प्रेक्षकांसमोर आणली. मामा शेकायला बसले की पडदा रिकामा आणि माझा हातही थांबलेला. त्या थांबण्यानं प्रयोगाचे भाग पडले. प्रेक्षकांत एक आजोबा होते, त्यांनी नंतर मला सांगितलं की तेवढा वेळ त्यांना सगळ्यात आवडला. मलाही.

दुसरं काम पुराचं. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात सकाळी उठल्यावर माणूस आधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतो. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ. २०१९ ला पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. पाणी ओसरल्यावर मुलांना घेऊन मी घराघरांतल्या भिंतींवरच्या चिखलाच्या रेघांचे फोटो काढत हिंडले. परवानगी विचारली की लोक आधी चहा द्यायचे आणि मग स्वतःच बोट ठेवून दाखवायचे, इथंवर. ज्या घरांत अजून फरशी ओली होती तिथंही चहा मिळाला.

त्या फोटोंचं काय करायचं हे बरेच दिवस कळेना. प्रदर्शन मांडणं मला बरं वाटत नव्हतं. दुसऱ्याच्या घरातला चिखल फ्रेममध्ये लावायचा अधिकार मला नव्हता. मग एका विद्यार्थिनीनं सहज फूटपट्टी घेऊन स्वतःच्या अंगावर मोजलं. एका फुटाला एक इंच धरला तर ३९ तिच्या कमरेवर येतो, ४३ छातीच्या खाली, आणि ५५ हनुवटीला लागतो. पाच फूट दोन इंच उंचीची मुलगी. त्या दिवशी प्रयोग सापडला. अंधाऱ्या हॉलमध्ये सात मुलं-मुली ओळीनं उभी, हातात घरातली एकेक वस्तू: मिक्सर, दप्तर, देवाचा ताम्हण, शिलाई मशीनचं डोकं. प्रोजेक्टरमधून एक निळी आडवी रेघ त्यांच्या अंगावर, त्या दिवसांतल्या पातळीच्या आकड्यांप्रमाणे सरकणारी. बोलायचं नाही. रेघ वस्तूला टेकली की वस्तू वर धरायची, एवढाच नियम. मशीनचं डोकं जड असतं, हात थरथरायला लागतात, ते खरं थरथरणं असतं. तांत्रिक बाजू अगदी साधी होती, कोड पानभरही नाही. प्रोजेक्टर तिरका लावून त्याच्यातूनच चौकट सरळ केली की कडेच्या माणसाच्या अंगावर रेघेचा इंच बदलतो, एवढ्यासाठी तो बरोबर मध्ये आणि बरोबर उंचीवर टांगायला अर्धा दिवस गेला. गणेश मंडळाचं लायटिंग करणारे एक दादा ट्रस, म्हणजे दिवे टांगायचा सांगाडा, घेऊन आले होते. त्यांनी डोळ्यांनी जे मापलं ते आमच्या टेपपेक्षा अचूक निघालं.

आता फाईल. पहिल्यांदा मी पेन ड्राइव्ह दिला. कार्यालयातले भाऊसाहेब म्हणाले, “मॅडम, ह्याला पान नंबर कसा टाकू? कागद द्या कायतरी.” ते त्यांचं काम करत होते आणि त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं. या प्रयोगाचा कागद म्हणजे काय, याचा मी तेव्हा नीट विचार केला. प्रत्येक कामाची मी एक संहिता काढली, शब्दांत कमी आणि चित्रांत जास्त: आडवा वेळ, उभी माणसं, कुठं प्रकाश, कुठं आवाज, कुठं शेगडी. तिच्यावरून दुसरा कुणीही तो प्रयोग पुन्हा करू शकेल, अशी. त्याला जोडून कोडची छापील प्रत, तिच्यात प्रत्येक ओळीशेजारी मराठीत खुलासा. हॉल दिल्याचं पत्र, तारीख आणि शिक्क्यासह. सहभागी प्रत्येकाची संमती आणि त्यानं नेमकं काय केलं याची नोंद. मामांचं नाव मी वादक म्हणून घातलं नाही, सहकलाकार म्हणून घातलं. मानधनाची पावतीही तशीच केली. शिवाय या दोन्ही कामांवर निबंध लिहिले, ते रीतसर छापून आले आणि त्यांचे गुण मिळाले. निबंध लिहिताना मला आनंद झाला, हेही सांगायला हवं.

समितीसमोर एका सदस्यांनी विचारलं, “वाजवलं दुसऱ्यानं, उभी राहिली मुलं. यात तुम्ही काय केलंत?” प्रश्न कडक होता पण प्रामाणिक होता. मी पुराच्या कामाची संहिता टेबलावर उलगडली आणि रेघ त्या तासाभरात कुठून कुठं जाते ते बोटानं दाखवत गेले. ४३ ला आले तेव्हा ते स्वतःच म्हणाले, “इथं आमच्या बहिणीचं घर होतं.” पुढची काही मिनिटं ते पुराबद्दल बोलले आणि मी ऐकलं. मंजुरी यायला नंतर बराच काळ गेला, कागद दोनदा परत आले, पण आली.

याच काळात, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. शाहू महाराजांनी उभं केलेलं, १९१५ पासूनचं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. मी तिथं जाऊन उभी राहिले तेव्हा आजूबाजूला हौशी नाटकवाले, बॅकस्टेजची माणसं, रडणारी माणसं होती. माझे विद्यार्थी मात्र जो तो मोबाइलमध्ये जुने फोटो शोधत होता. फोटोंवरून वास्तूचं त्रिमितीय मॉडेल करता येतं हे त्यांना शिकवलेलं होतं; पण त्यासाठी एकाच जागेचे, एकमेकांवर निम्म्याहून जास्त येणारे, सगळ्या बाजूंचे फोटो लागतात. लोकांकडे होते ते स्टेजवर बक्षीस घेतानाचे. मागची विंग, ग्रीन रूमचा आरसा, दोऱ्यांची जागा, हे कुणी टिपलं नव्हतं. आम्हाला मॉडेल करता आलं नाही. जे मिळाले ते फोटो आम्ही जागा आणि तारीख लावून एकत्र ठेवलेत, आणि अजून मिळवतो आहोत.

आता आमच्याकडे दुसऱ्या वर्षापासून प्रत्येकाला प्रयोगाबरोबर फोल्डर द्यावं लागतं, आणि त्याशिवाय मी गुण भरत नाही. एका जागी ठेवलेल्या कॅमेऱ्याचं न कापलेलं चित्रीकरण, संहिता, कोड, संमतीपत्रं, आणि बघायला आलेल्या निदान एका माणसाचं हातानं लिहिलेलं टिपण. त्याच्या दोन प्रती, एक महाविद्यालयात आणि एक त्या मुलाच्या घरी, नदीपासून लांब असलेल्या पाहुण्यांकडे ठेवली तर उत्तम. यंदाची तुकडी उन्हाळ्यापासून गावातल्या जुन्या नाट्यगृहांच्या आणि तालमींच्या आतल्या बाजू कोपरान् कोपरा टिपते आहे. छत टिपायला शिडी लागते, ती लायटिंगवाले दादाच देतात. मामांनी त्यांच्या नातवाला या वर्षी फाउंडेशनला घातलंय.